अंबाड्यातला मरवा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बायकांनी कुंड्यांची बाग केली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकीने एका झाडाची माहिती सांगायची अशी नवी टूम काढली आहे. चिठ्ठ्या टाकतात. मला मरवा आला. कप्पाळ माझं! तुळस यायची, गवती चहा यायचा, कोरफड तर कुणालाही येते. मी म्हटलं, चिठ्ठी बदलून द्या. तर सेक्रेटरीची बायको म्हणाली, "अहो, तुम्ही शाळेत शिकवत होतात ना? तुम्हाला काय कठीण! गुणधर्म आणि उपयोग. दहा मिनिटं बोला, झालं."

बोलले मी. पान नखाएवढं, राखाडी हिरवं, हाताला मऊ लागतं. वास गोडसर, जरासा कापराकडे झुकणारा. तुळशीसारखा अंगावर येत नाही, पण पान चुरगळलं की दिवसभर बोटांना राहतो. फूल म्हणाल तर नुसत्या पांढऱ्या गाठी, माळण्यासारखं त्यात काही नाही. सकाळचं ऊन लागतं. पाणी बेताचं, जास्त झालं की मुळं कुजली. पावसाळ्यात कुंडी आत घ्यायची. शेंडे सारखे खुडायचे, म्हणजे झाड भरतं. नाही खुडले तर फुलावर येतं आणि मग खालून लाकूड होतं. फांदी तोडून लावली तरी जगते. डोकं दुखत असेल तर पानं चोळून हुंगायची, सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात टाकायची, गुडघे धरले की खोबरेल तेलात कढवून ते तेल लावायचं. गुण येतो की नाही ते मला विचारू नका, आमच्याकडे करायचे. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायचा, वाळला तरी वास जात नाही. गणपतीच्या पत्रीत लागतो. आणि अबोलीच्या वेणीत तर हवाच, त्याच्याशिवाय अबोलीला वास कुठला?

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, पिझ्झावर टाकतात तो हाच का? म्हटलं, तो ओरेगॅनो, ह्याचा चुलतभाऊ. हाही तिकडे मटणात न् सुपात घालतात म्हणे. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या, ढोकळा खाल्ला. एक उपयोग मी सांगितला नाही. तो सांगितला असता तर ढोकळा कुणाच्या घशाखाली उतरला नसता. माझ्या उतरला असता. माझ्या सगळं उतरतं, त्याचाच तर मला संताप येतो.

माझी आई मालवणकडची. वडील गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करता करता गेले. मी बारा वर्षांची होते. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची खोली. दुसरं कुणी नाही, आई आणि मी. आई तेव्हा पस्तिशीची असेल. स्टेशनबाहेर एक फुलवाली बसायची, तिला आई वेण्या करून द्यायला लागली. फुलवाली अबोली आणि मरवा घरी पाठवायची. आई खाली बसून, पायाच्या अंगठ्यात केळीच्या सालीचा ओला धागा अडकवून, चार अबोली, एक मरव्याचा तुरा, चार अबोली, एक तुरा, अशी वेणी गुंफायची. बोटं इतकी चालायची की बघणाऱ्याला धाप लागावी. ज्या बाईने स्वतःच्या डोक्यात फूल घालायचं नाही असं लोकांनी ठरवलं होतं, तिने सगळ्या घाटकोपरच्या सवाष्णींची डोकी सजवली. तेव्हा त्यात काही वावगं कुणाला दिसलं नाही. मला पण नाही.

वेणी झाली की मरव्याचे उरलेले शेंडे आई तेलाच्या डब्यात खोचून ठेवायची. ते जगले. गॅलरीच्या कठड्यावर चार डबे झाले. आणि एक दिवस अंघोळ करून, अंबाडा बांधून, तिने त्यातला एक शेंडा खुडला आणि अंबाड्यात मागे आकड्याने लावला.

शेजारच्या काकू नळावर होत्या. त्यांनी बघितलंच. बघणार नाहीत असं होईल? म्हणाल्या, "अगो, ह्या काय? डोक्यात?"

"पालो तो," आई म्हणाली. "फूल खंय आसा?"

"तरी पण गो. आता तू..."

"गणपतीच्या पत्रीत मरवो असता की नाय? पत्री म्हणजे पानां. फुलां वेगळी. पाल्याक खंयचां सौभाग्य?"

गणपतीच्या विरुद्ध कोकणी बाई काय बोलणार! काकू घागर उचलून गेल्या. आई आत येऊन एकटीच हसत बसली. वडील गेल्यापासून मी तिला तसं हसताना पहिल्यांदा बघितलं. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत हसत होती.

तेव्हापासून रोज. ताप असला तरी, श्राद्ध असलं तरी. एक शेंडा, तीन-चार बोटांएवढा, मागे अंबाड्यात, समोरून दिसायचा पण नाही. फूल मात्र ती झाडाला येऊ द्यायची नाही. पांढरी गाठ दिसली रे दिसली की नखाने खुडून टाकायची. मला म्हणायची, "फुलूक दिलां तर लोकांका बोलूक जागा गावता." म्हणायची हसतच, पण एक गाठ सोडायची नाही. लोक बोलायचे बंद झाले. पाला म्हणजे पाला, मान्य झालं. एवढीशी जागा तिने भांडून मिळवली होती आणि त्या जागेवर ती चाळीस वर्षं उभी राहिली. मला सांगा, कोण राहतं?

मी शिकले, महापालिकेच्या शाळेत लागले, लग्न झालं, त्याच घाटकोपरात लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आले. माझा नवरा भला माणूस, त्याने कधी ब्र काढला नाही. येताना आईने भांडी आणली नाहीत, डबे आणले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये तिने मरवा लावला, सकाळचं ऊन तिथे यायचं. आमच्या शाळेत महिला दिन असायचा. भाषण ठोकायला पुढे कोण? मी. विधवांना हळदीकुंकवाला बोलवा, त्यांचा मान ठेवा, जुन्या रूढी मोडा. घसा बसेपर्यंत बोलायचे. उदाहरण म्हणून आईच्या मरव्याची गोष्ट सांगायचे, बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला मोठा अभिमान वाटायचा. कुणाचा, तर माझाच.

मग माझ्या मुलीचं जमलं. मुलगा तिनेच पसंत केला होता, ऑफिसमधला, बोरिवलीचा. घर चांगलं, माणसं शिकलेली, आमच्याहून पैशाने बरी. पण सुरुवातीला तिकडून जरा हो-नाही चाललं होतं. पत्रिका, मग एक काका, मग आणखी कुणाची आत्या. तीन महिने माझ्या पोरीने तोंड पाडून काढले, त्यामुळे एकदाचा साखरपुडा ठरल्यावर माझा जीव मुठीत होता. मुलुंडला हॉल घेतला. मी आठ दिवस एकच घोकत होते, काही बिनसायला नको, कुणी नाक मुरडायला नको.

आईने त्या दिवशी माझी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली. ती तेव्हा शहात्तर वर्षांची. अंबाडा लिंबाएवढा राहिला होता, पण घट्ट. त्यात मरव्याचा शेंडा, नेहमीपेक्षा मोठा. नातीचा साखरपुडा ना! मी निघताना बघितला, काही वाटलं नाही. रोजचाच तर होता.

हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं बसली. आई पुढच्या रांगेत, मी तिच्या शेजारी, आणि होणाऱ्या विहीणबाई आमच्या मागच्या खुर्चीवर कुणाशी तरी बोलायला येऊन बसल्या. बोलता बोलता थांबल्या. पुढे वाकल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, आजींनी अंबाड्यात काय माळलंय हो?"

एवढंच. हसून विचारलं. मी वळून बघितलं तर भुवया वर गेलेल्या, आणि बाजूला ती आत्या, तिची पण नजर आईच्या अंबाड्यावर. मी म्हटलं, झालं. वाट लागली. आता हे घरी जाऊन बोलणार, की मुलीची आजी विधवा असून फुलं माळून बसते, असल्या घरात कसली रीत न् कसलं काय. "एक मिनिट हं," म्हणाले आणि आईचा दंड धरून तिला उठवलं.

नवरीच्या खोलीत नेलं. तिथे कुणी नव्हतं, मुलगी स्टेजवर गेली होती. मोठा आरसा, दिव्यांचा.

"आई, ते काढ."

"काय ता?"

"केसातलं."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "पालो तो गो," म्हणाली.

"मला ठाऊक आहे. त्यांना नाही ना ठाऊक! त्या विचारत होत्या. आज नको आई, प्लीज. पोरीचं वाटोळं करायचंय का?"

हे मी म्हणाले. हेच शब्द. चाळीस वर्षांत शेजारच्या काकू जे म्हणाल्या नाहीत ते.

मला वाटलं ती भांडेल. गणपतीची पत्री काढेल. मला तेच हवं होतं की काय कोण जाणे, म्हणजे मला पण चिडता आलं असतं. हात पण वर केला नाही तिने. नुसती मान खाली घातली, लहानपणी मी उवा काढून घ्यायला तिच्यापुढे घालायचे तशी, आणि वाट बघत उभी राहिली. काढायचं मलाच होतं. आकडा अडकला होता. मी घाईत ओढला, त्याबरोबर दोन-तीन पांढरे केस आले. तिने 'स्स' पण केलं नाही. मी तो शेंडा आकड्यासकट माझ्या पर्समध्ये कोंबला आणि तिचा अंबाडा हाताने सारखा केला. माझ्या स्वतःच्या डोक्यात त्या वेळी हातभर वेणी होती. अबोलीची, मरवा घातलेली.

बाहेर आल्यावर ती पुढच्या रांगेत बसली नाही. मागे, पंख्याखाली बसते म्हणाली. साखरपुडा झकास झाला. सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंघोळ केली, अंबाडा बांधला, आणि नुसताच ठेवला. मी चहा गाळताना बघत होते. म्हटलं, विसरली असेल. तिसऱ्या दिवशी पण नाही. मग मी विचारलं नाही. विचारायचं तर माफी मागावी लागली असती, आणि लग्नाची गडबड होती, खरेदी होती, कारणांना काय तोटा! पाणी घालायची ती झाडाला. पण शेंडे खुडायचं सोडलं. महिन्या-दीड महिन्यात मरवा उंच गेला, विसकटला, आणि फुलावर आला. चाळीस वर्षांत आमच्या घरातल्या मरव्याला मी फूल बघितलं नव्हतं. पांढरं, बारीक, कशाच्या कामाचं नाही असं.

लग्नाआधी विहीणबाई घरी आल्या, याद्या करायला. पाणी प्यायला म्हणून माझ्यामागून स्वयंपाकघरात आल्या आणि खिडकीशीच थांबल्या.

"अगं बाई, मरवा! तरीच म्हटलं त्या दिवशी वास कसला येतोय. आजींच्या अंबाड्यात हाच होता ना? मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही एकदम उठूनच गेलात."

मी पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे धरलं.

"माझी आई लावायची," त्या म्हणाल्या. "बाबा गेल्यावरसुद्धा. म्हणायची, मरव्याला काय, पान तर आहे. ती गेली आणि आमच्याकडचं झाड पण गेलं. बोरिवलीत शोध शोध शोधलं मी. त्या दिवशी आजींना बघितलं आणि मला एकदम भरून आलं हो. एक फांदी द्याल?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. कुणी काही बोललंच नव्हतं! त्या हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि माझ्या आईच्या अंबाड्यातलं पान एकालाही खुपलं नव्हतं. खुपलं ते मला. भाषणं ठोकणाऱ्या मला.

आई तिथेच पाट घालून भाजी निवडत बसली होती. सगळं ऐकत होती. विहीणबाईंशी ती नीट पुस्तकी मराठीत बोलायची. म्हणाली, "फांदी कशाला, कुंडीच घेऊन जा. सगळ्या घेऊन जा. इथे आता कुणाला लागत नाही." आणि माझ्याकडे बघितलं पण नाही. विहीणबाई नको नको म्हणत होत्या. आईने उठून स्वतः ग्रिलमधून कुंड्या काढल्या, जुन्या साडीच्या कापडात बांधून दिल्या. शेंडे खुडत जा, एवढं मात्र बजावून सांगितलं.

लग्न झालं. मुलगी बोरिवलीला गेली. जूनमध्ये मी मालाडला माझ्या जुन्या टेलरकडे ब्लाउज आणायला गेले होते, आणि पावती शोधायला पर्सचा आतला कप्पा उघडला. साखरपुड्याचीच पर्स. त्यातून वास आला. शेंडा वाळून करडा झाला होता, पण वास तसाच, ताजा. त्याच्याबरोबर आकडा, आणि आकड्याला गुंतलेला एक पांढरा केस. टेलर म्हणत होता, मॅडम, पावती, मॅडम. मला रडू आवरेना. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, पन्नाशी उलटलेली बाई मी, ढसाढसा रडले.

मालाड स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडून मरव्याची जुडी घेतली आणि तडक घरी आले. नवरा बाहेर गेला होता. आई खिडकीत बसून दाणे निवडत होती, रिकाम्या ग्रिलकडे पाठ करून. मी तिच्या मागे गेले. एक शेंडा तोडला, तोच आकडा घेतला, आणि तिच्या अंबाड्याला हात लावला.

तिने मान बाजूला घेतली. झटकली नाही, नुसती घेतली.

"नको गो."

"आई, चुकलं माझं. लाव ना. कोण आहे इथे बघायला? मी एकटीच तर आहे घरात."

"तू आसस म्हणानच," ती म्हणाली, आणि दाणे निवडायला लागली.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. माझ्याशी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. नाही वागली. हसायची, बोलायची, माझ्या आजारपणात माझे पाय चेपले तिने. पण अंबाडा कोराच. मी तेल लावायला गेले तर लावून घ्यायची, अंबाडा बांधून घ्यायची, आणि मग आपल्या हाताने चाचपून बघायची, मी काही खोचलं तर नाही ना. दर वेळी बघायची. तो हात मला अजून दिसतो.

गेली ती एका सकाळी, झोपेतच. बिल्डिंगमधल्या बायका आल्या, तिला अंघोळ घातली, मोतिया रंगाची तीच साडी नेसवली. मुलगी आणि विहीणबाई बोरिवलीहून आल्या. विहीणबाईंच्या हातात ओल्या रुमालात गुंडाळलेला मरवा होता. आईच्याच झाडाचा. शेंडे खुडून खुडून त्यांनी तो भरगच्च ठेवला होता. त्यांनी रुमाल माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "तुम्ही माळा. लेकीने माळावा."

बायका सरकून जागा करून देत होत्या. कुणीही हरकत घेतली नाही. घेतील कशाला?

मी रुमाल घेतला नाही. म्हटलं, "तुम्हीच माळा," आणि आत स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, त्यांचं माळून होईपर्यंत. तिला मी बघायला नको होते.